सरकारी नोकरीचा अर्ज, बायोडाटा आणि सोबतचं पत्र : खानदेशातल्या उमेदवारांचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या कचेरीसमोर टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. जाहिरात निघाली की शेवटच्या दोन दिवसांत गर्दी, आणि गर्दीत तेच तेच प्रश्न. 'भाऊ, यामा काय लिखू?' हा त्यातला पहिला. एकदा सगळं लिहूनच ठेवावं म्हटलं.

सरकारी नोकरीला बायोडाटा लागतोच का?

कायम पदांना बहुतेक वेळा लागत नाही. २०२३ ची तलाठी भरतीच घ्या. ४,६४४ जागा, फॉर्म ऑनलाइन, परीक्षा २०० गुणांची, मुलाखत नाही. तिथे बायोडाटा कोण वाचणार? केंद्रानेही १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' (अराजपत्रित), 'क' आणि 'ड' च्या मुलाखती बंद केल्या आहेत. पोस्टात ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. भुसावळच्या रेल्वे अप्रेंटिसला दहावी आणि आयटीआयचे गुण धरतात.

बायोडाटा आणि पत्र खरोखर लागतं ते कंत्राटी आणि थेट मुलाखतीच्या जागांना. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या ११ महिने २९ दिवसांच्या नेमणुका, जिल्हा परिषदेतली कंत्राटी पदं, उमेदची (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका पातळीवरची पदं, धुळे-जळगाव-नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तात्पुरत्या जागा, कॉलेजातलं तासिका तत्त्वावरचं काम, ही त्यातली नेहमीची. जाहिरातीत छापील नमुना दिलेला असेल तर त्याच नमुन्यात भरा. स्वतःचा सुंदर बायोडाटा लावून नमुना कोरा ठेवला, तर अर्ज बाद.

अर्ज पहिल्यांदा कोण वाचतं?

साहेब नाही. लिपिक वाचतो. त्याच्या टेबलावर पाकिटांचा ढीग असतो, समोर जाहिरात आणि बाजूला आडव्या कागदावर आखलेला तक्ता : अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, अर्हता, गुण, अनुभव, पात्र की अपात्र आणि शेवटी शेरा. पाकीट फोडायचं, रकाने भरायचे, पुढचं घ्यायचं. एका अर्जाला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

त्यामुळे तुमचा बायोडाटा म्हणजे खरं तर सोबतच्या कागदांची अनुक्रमणिका. त्यात लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागे एक कागद हवा, आणि तो कागद ज्या क्रमाने ओळ आली त्याच क्रमाने लावलेला हवा. मी तर ओळीपुढे कंसात 'पान ४' असा जोडपत्राचा आकडा टाकून देतो. लिपिकाला शोधावं लागलं नाही की तो शेरा लिहीत नाही. शेरे ठरलेले असतात : 'स्वाक्षरी नाही', 'अनुभवाचा कालावधी नमूद नाही', 'नॉन क्रिमीलेयर मुदतबाह्य' (म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला जुना झालेला). हुशार पोरं या तीन ओळींत गेलेली पाहिली आहेत.

किती पानांचा असावा? काय काढून टाकावं?

ए-फोरची दोन पानं. प्राध्यापक आणि डॉक्टर सोडून कोणालाही याहून जास्त लागत नाही.

काढायचं मात्र बरंच असतं. आमच्याकडे एकाच कॉम्प्युटरवर लग्नाचा बायोडाटाही होतो आणि नोकरीचाही. पोरं लग्नाच्या फाईलवरच नोकरीचं लिहून आणतात. मग वर गणपती, खाली उंची, रंग, रास, नाडी, मामाचं कूळ आणि 'शेती : ८ एकर बागायत'. लिपिकाच्या तक्त्यात नाडीचा रकाना नाही. तसंच ते पुण्याच्या कंपन्यांसाठी लिहितात तसलं 'माझ्या क्षमतांचा संस्थेच्या प्रगतीसाठी' वगैरे उद्दिष्ट. तेही काढा. 'मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पाबंद' हे सगळेच लिहितात. आणि ईमेल पत्ता साधा, नावाचा घ्या. 'किंग ऑफ खानदेश' नावाच्या पत्त्यावर मुलाखतीचं पत्र पाठवताना साहेब हसणारच.

नाव कसं लिहायचं?

दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं. अक्षर इकडचं तिकडे नको. आपल्याकडे पाटील इतके की एका यादीत एकाच नावाचे आणि वडिलांचंही तेच नाव असलेले दोघे निघतात. तिथे वडिलांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख हाच आधार. चौधरी, सोनवणे, पवार ही आडनावं इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. आधारवर एक, दहावीला दुसरं, बँकेत तिसरं. नोकरीच्या कागदांत दहावीचंच धरायचं आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं, उलट नाही.

ताई-वहिनींचा प्रश्न वेगळा. लग्नाआधीचे गुणपत्रक माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र जोडा, आणि बायोडाट्यात दोन्ही नावं एका ओळीत लिहा : 'लग्नापूर्वीचे नाव' आणि 'लग्नानंतरचे नाव'.

गाव, जिल्हा, विद्यापीठ : जुनं नाव की नवं?

हा आपल्याकडचा खास गोंधळ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी शहाद्यात किंवा नवापुरात जन्मलेल्यांच्या दाखल्यावर 'जि. धुळे' असतं. आजोबांचे शाळेचे उतारे काढले तर त्यावर 'पश्चिम खानदेश' किंवा 'पूर्व खानदेश' दिसतं. घाबरायचं कारण नाही. पत्त्यात आजचा जिल्हा लिहा. जन्मस्थळ दाखल्यावर आहे तसं लिहून पुढे 'सध्याचा जि. नंदुरबार' जोडा.

विद्यापीठाचंही तेच. १९९० ला निघालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ ला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. तुमची पदवी २०१६ ची असेल तर प्रमाणपत्रावर जुनंच नाव आहे, तेच लिहा. त्याआधीच्या पिढीच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या. दहावी-बारावीला मात्र 'नाशिक विभागीय मंडळ'. तिन्ही जिल्हे त्यातच येतात.

गावाचं नाव पूर्ण लिहा. खुर्द आणि बुद्रुक गाळू नका. चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र.चा. आणि टाकळी प्र.दे. अशी दोन गावं आहेत. नुसतं 'टाकळी' लिहिलं तर मुलाखतीचं पत्र दुसऱ्याच टाकळीत चहा पिऊन परत येतं.

गुण टक्क्यांत की सीजीपीएत?

जाहिरातीत टक्के मागितले असतील तर टक्के. रूपांतराचं सूत्र विद्यापीठाचं वापरा, आपल्या मनाचं नको. ५९.६ चे ६० करू नका; मूळ गुणपत्रकाशी ताडून पाहतात. 'मिळालेले गुण / एकूण गुण' हे दोन्ही आकडे दिले की लिपिकाला हिशेब करता येतो.

अनुभव कसा लिहावा?

इथे जरा थांबून वाचा, कारण कंत्राटी पदांच्या गुणवत्ता यादीत अनुभवाला वर्षागणिक गुण असतात आणि इथेच सर्वांत जास्त माती होते.

माझीच गोष्ट. दुकान टाकण्याआधी मी एका कार्यालयात डेटा एंट्रीच्या जागेला अर्ज केला होता. आधीच्या ठिकाणी दोन वर्षं काम केलेलं. दाखला आणला, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासह : 'सदर इसमाने आमच्याकडे समाधानकारक काम केले असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.' मी खूश. यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे अनुभवाला शून्य. कुठून कुठपर्यंत काम केलं, ते त्या दाखल्यात कुठेच नव्हतं. चांगल्या वर्तणुकीला रकाना नसतो हे त्या दिवशी कळलं.

दाखल्यावर एवढं हवंच : पदाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, कामाचं स्वरूप, जावक क्रमांक, दिनांक, सक्षम अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. एजन्सीमार्फत सरकारी कार्यालयात काम केलं असेल, तर तुमचा मालक एजन्सी आहे. बायोडाट्यात 'अमुक एजन्सीमार्फत, तमुक कार्यालयात' असं सरळ लिहा. थेट सरकारी कर्मचारी असल्यासारखं लिहिलं आणि पगाराच्या नोंदीत एजन्सीचं नाव निघालं, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो.

कामाचं वर्णन करताना जाहिरातीतलेच शब्द वापरा, पण खरे असतील तेवढेच. 'कार्यालयीन कामकाज पाहिले' याने काही कळत नाही. 'कॅशबुक लिहिणे, बँक ताळमेळ, उपयोगिता प्रमाणपत्रे तयार करणे' म्हटलं की लेखापालाच्या जागेला काय हवं ते दिसतं.

मधली तीन वर्षं घरची शेती केली. ते लिहू की लपवू?

लिहा. 'जून २०१९ ते मे २०२२ : घरची शेती (केळी, कापूस) व स्पर्धा परीक्षेची तयारी.' एक ओळ पुरते. रिकामी वर्षं दिसली तर मुलाखतीत विचारतातच, आणि तिथे चाचरण्यापेक्षा रावेरच्या केळीचा भाव सांगणारा उमेदवार बरा वाटतो. पण शेतीचा 'अनुभव' म्हणून गुण मागू नका. पद शेतीशी निगडित असेल आणि जाहिरातीत तशी सोय असेल, तरच.

अवगत भाषांत अहिराणी लिहायची का? लोक हसतील.

हसू द्या. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळेच लिहितात. धडगाव-अक्कलकुव्यात घरोघरी जायचं काम असेल तर पावरी किंवा भिली बोलता येणं ही खरी पात्रता आहे. अंगणवाडी सेविका-मदतनीसांच्या भरतीत तर अटच आहे : केंद्रातली निम्म्याहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील तर ती भाषा यायला हवी. त्या यादीत पावरीचं नाव आहे. 'बोलता येते', 'समजते', 'लिहिता येते' असं वेगळं लिहा. मुलाखतीला बसलेला एखादा अधिकारी त्याच भाषेत प्रश्न टाकतो, तेव्हा फजिती नको.

जातीचे दाखले, नॉन क्रिमीलेयर : बायोडाट्यात किती लिहायचं?

प्रवर्ग, दाखल्याचा क्रमांक, दिनांक, कोणी दिला. बस. वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याचाही क्रमांक; नसेल आणि पडताळणीचा प्रस्ताव दिलेला असेल तर त्याची पावती.

नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. अर्जाच्या अंतिम दिनांकाला ते चालू असलं पाहिजे. अनुसूचित जाती आणि जमातींना ते लागत नाही, तरी दरवर्षी कोणीतरी त्यासाठी सेतूत रांग लावतंच. केंद्राच्या जागेला केंद्राचा वेगळा नमुना लागतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत राज्याचा दाखला दाखवून उपयोग नाही.

समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं वेगळं आरक्षण, लोक विसरतात : महिला, खेळाडू, माजी सैनिक, दिव्यांग, प्रकल्पग्रस्त, अंशकालीन कर्मचारी, अनाथ. हतनूर धरणात किंवा सरदार सरोवरात घरची जमीन गेली असेल, तर प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के जागा आहेत. तो दाखला घरातल्या पेटीत पडून असतो आणि नातू 'खुला' म्हणून अर्ज करतो. अर्जात दावा केला नाही, तर नंतर कागद दाखवून फायदा मिळत नाही.

पेसाच्या (आदिवासी म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या) जागेला काय वेगळं लागतं?

'स्थानिक अनुसूचित जमाती' असल्याचा पुरावा. स्वतः, जोडीदार, आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सलग राहत असल्याचा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके आहेतच. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतलीही काही गावं त्यात येतात. महसुली पुरावा काढायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका.

दोनपेक्षा जास्त मुलं असली तर?

२००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार 'नमुना अ' मध्ये प्रतिज्ञापन द्यावं लागतं. २८ मार्च २००६ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली, तर अपात्र. यात पळवाट शोधू नका.

सोबतचं पत्र कसं लिहायचं? नमुना द्या.

आपल्याकडे याला साधा शब्द 'अर्ज' किंवा 'विनंती अर्ज'. एका पानात बसवायचा. हल्ली पोरं मोबाइलवर तयार पत्र करून आणतात. त्यात 'मी अत्यंत उत्साहाने' आणि 'आपल्या प्रतिष्ठित संस्थेत' असतं, फक्त जाहिरात क्रमांक नसतो. माझ्याकडचा नेहमीचा साचा असा :

> दिनांक : …
>
> प्रति,
> मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
> जिल्हा परिषद, जळगाव.
>
> विषय : लेखापाल (कंत्राटी) या पदासाठी अर्ज सादर करणेबाबत.
> संदर्भ : आपली जाहिरात क्र. … दि. …
>
> महोदय,
>
> उपरोक्त संदर्भीय जाहिरातीनुसार लेखापाल या पदासाठी मी इतर मागास प्रवर्गातून अर्ज सादर करीत आहे.
>
> मी वाणिज्य शाखेची पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून एमएस-सीआयटी व मराठी ३० शब्द प्रति मिनिट टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण आहे. दि. १ जून २०२१ ते ३१ जुलै २०२४ या कालावधीत (३ वर्षे २ महिने) मी लेखा सहायक म्हणून पूर्णवेळ काम केले आहे. या काळात कॅशबुक, बँक ताळमेळ व टॅलीवरील नोंदी मी स्वतंत्रपणे पाहत होतो.
>
> जाहिरातीतील अटी मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत. आवश्यक कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती सोबतच्या यादीप्रमाणे जोडल्या आहेत. माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> नाव, पत्ता, मोबाइल
>
> सोबत : १) विहित नमुन्यातील अर्ज २) बायोडाटा ३) दहावी प्रमाणपत्र …

'सोबत' ची यादी हा या पत्रातला सर्वांत कामाचा भाग. पाकिटातून एखादा कागद गहाळ झाला, तर तुम्ही तो जोडला होता याची खूण तेवढीच. गरिबी, वडिलांचं आजारपण, घरातला एकटा कमावता असणं, हे अर्जात लिहावंसं वाटतं. मलाही टाइप करताना वाईट वाटतं. तरी मी काढायला सांगतो, कारण तक्त्यात ते कुठेच बसत नाही.

मराठीत की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत. राज्य शासनाला मराठी. वैद्यकीय आणि तांत्रिक पदांना बायोडाटा इंग्रजी आणि अर्ज मराठी असं चालतं. निम्मं वाक्य इकडचं, निम्मं तिकडचं तेवढं नको.

ईमेलने पाठवलेला अर्ज तिकडे भलत्याच अक्षरांत दिसला म्हणे!

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्डची फाईल तशीच पाठवली की असं होतं. समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करूनच पाठवा. फाईलचं नावही नीट द्या : 'पद-आडनाव-नाव'. 'नवीन फायनल २' नको.

आधीच सरकारी नोकरीत आहे. परस्पर अर्ज करू का?

नाही. 'योग्य मार्गाने' पाठवा, म्हणजे कार्यालयप्रमुखामार्फत, ना हरकत प्रमाणपत्रासह. तुमचं टपाल वर रेंगाळेल अशी भीती असेल, तर अंतिम दिनांकाआधी 'आगाऊ प्रत' असं वर लिहून एक प्रत थेट पाठवा.

एमपीएससीच्या मुलाखतीत छंद विचारतात. काय लिहावं?

जे खरंच करता ते. राज्यसेवेची मुलाखत २७५ गुणांची आहे, आणि तुम्ही फॉर्मात भरलेलं मंडळासमोर असतं. 'वाचन' लिहिलं तर शेवटचं काय वाचलं हे विचारणारच. जिल्ह्यावर प्रश्न येतात : अमळनेरचे साने गुरुजी, सारंगखेड्याचा घोडेबाजार, तापीचं पाणी, केळीचा विमा. 'कविता' छंद लिहिलेल्या जळगावच्या उमेदवाराला बहिणाबाईंच्या दोन ओळी येत नसतील तर अवघड आहे.

एकजण म्हणतो, पैसे द्या, आत सेटिंग आहे.

उठा आणि घरी जा. पैसे बुडतात, आणि तक्रार करायला गेलात तर तुम्हीही लाच द्यायला निघाला होतात.

अर्ज हातोहात द्यावा की टपालाने?

जमत असेल तर हातोहात. पाकिटावर वर डावीकडे ठळक लिहा : 'लेखापाल (कंत्राटी) पदासाठी अर्ज, जाहिरात क्र. …, प्रवर्ग …'. पदाचं नाव नसलेलं पाकीट आवक शाखेत भलत्याच गठ्ठ्यात जातं. अर्जाच्या पहिल्या पानाची एक झेरॉक्स सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मागून घ्या. काही ठिकाणी बाई म्हणतात, 'ठेवून जा, आम्ही बघतो.' हसून उभं राहायचं, शिक्का मिळतो.

टपालाने पाठवायचं तर स्पीड पोस्ट, आणि शेवटच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी. बहुतेक जाहिरातींत अर्ज 'पोहोचण्याची' तारीख असते, 'टाकण्याची' नव्हे. तोरणमाळच्या पायथ्याकडून निघालेलं पाकीट, मध्ये रविवार आणि एखादी सुटी आली, की हुकतं. पावतीवरचा क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई हळूहळू उडते, आणि यादी लागायला कधीकधी बराच वेळ लागतो.